नकाशा उतरवून घेऊ नका, जोडून घ्या

पाणलोटाच्या कामात कुणाकडे नकाशा मागितला की पेन ड्राइव्ह पुढे येतो. त्यात शेपफाइल, म्हणजे नकाशाची माहिती साठवायचा एक प्रकार, असते. नावाला एक फाइल, प्रत्यक्षात चार-पाच फाइलींचा जुडगा. त्यातली प्रोजेक्शन, म्हणजे नकाशा कुठल्या निर्देशांकांत मांडला आहे ते, सांगणारी ‘पीआरजे’ फाइल नेमकी राहून गेलेली असते, मग नाला कुठे आणि गाव कुठे हे जुळवत बसायचं. तेही एक वेळ निभावून नेता येतं. निभत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. ज्या दिवशी प्रत घेतली त्या दिवसापासून ती शिळी व्हायला लागते आणि ती शिळी झाल्याचं कुणालाच कळत नाही.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडताना ऑक्टोबरची पातळी आणि मेची पातळी यांतला फरक हाच तर पाया असतो. समजा कुणी मेच्या नोंदी नंतर तपासून दुरुस्त केल्या. ती दुरुस्ती माझ्या पेन ड्राइव्हमधल्या प्रतीत कशी येणार? येतच नाही. गाव जुन्या आकड्यावर रब्बीचं नियोजन करून मोकळं होतं. म्हणून माझं मत ठाम झालं आहे. ज्याचा नकाशा त्याच्याकडेच राहू द्यावा, त्यानेच तो सांभाळावा, आणि आपण तो आपल्या संकेतस्थळावर थेट जोडून घ्यावा.

मी पारनेर तालुक्यातल्या काही गावांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नकाशांचं काम बघते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला हा पर्जन्यछायेतला तालुका. खाली सगळा बेसाल्ट, म्हणजे मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण एकाखाली एक. पाणी कुठे मुरेल आणि कुठे वाहून जाईल हे या थरांवर ठरतं. आमच्याकडे गावागावांत मोजलेले बांध, शेततळी, सलग समतल चर यांचे नकाशे आहेत. जलधरांचे, म्हणजे जमिनीखाली पाणी धरणाऱ्या खडकांचे, नकाशे आणि विहिरींच्या पातळ्या पुण्यातल्या एका संशोधन संस्थेकडे आहेत. त्यांचा सर्व्हर वेगळा, आमचं संकेतस्थळ वेगळं. ही दोन कशी जोडली ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हे काम करू पाहणाऱ्या बऱ्याच जणांना पहिल्याच वळणावर कोरा पांढरा नकाशा दिसतो आणि ते पुन्हा पेन ड्राइव्हकडे वळतात.

आमचं संकेतस्थळ जिओनोडवर चालतं. जागतिक बँकेच्या आपत्ती-जोखमीच्या कामातून पुढे आलेली, नकाशे मांडायची आणि वाटायची ही मुक्त प्रणाली. तिचा वरचा सांगाडा जँगोमध्ये लिहिलेला, आपले स्वतःचे नकाशे वाटायला आत जिओसर्व्हर, माहिती साठवायला पोस्टजीआयएस आणि पडद्यावर नकाशा दाखवायला मॅपस्टोअर. पुण्याच्या संस्थेकडेही जिओसर्व्हरच आहे. न्यूयॉर्कमध्ये २००१ साली सुरू झालेला हा प्रकल्प आज जगभर वापरात आहे. पण समोरच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर आहे याने फारसा फरक पडू नये, असा मुळात करार आहे. त्या कराराचं नाव वेब मॅप सर्व्हिस, कामातलं नाव डब्ल्यूएमएस. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमने त्याची पहिली आवृत्ती २००० साली आणली. सध्या चालते ती १.३.० आवृत्ती, जिला पुढे आयएसओचाही क्रमांक मिळाला.

डब्ल्यूएमएसमध्ये विचारायच्या गोष्टी मुख्यतः तीन. ‘गेटकेपॅबिलिटीज’ म्हणजे तुझ्याकडे काय काय आहे ते सांग. ‘गेटमॅप’ म्हणजे एवढ्या चौकटीतलं, एवढ्या पिक्सेलचं चित्र काढून दे. ‘गेटफीचरइन्फो’ म्हणजे या ठिपक्यावर बोट ठेवलं तर तिथे कसली नोंद आहे ते सांग. बारकाईने पाहिलं तर मूळ आकडे तिथून इकडे येतच नाहीत. येतं ते चित्र, आणि विचारलं तर एखाद्या ठिपक्याची माहिती. संस्थांना आपली माहिती सरसकट वाटायची भीती असते, ती यामुळे पुष्कळ कमी होते. आम्हाला परवानगी मिळाली त्यात या मुद्द्याचा मोठा वाटा होता.

जोडणी करण्याआधी मी एक गोष्ट न चुकता करते. सर्व्हरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून गेटकेपॅबिलिटीजची विनंती करते आणि जे लांबलचक एक्सएमएल पान उघडतं ते वरपासून खालपर्यंत वाचते. माझ्या लेखी हा त्या सर्व्हरचा सातबारा आहे. मालक कोण, संपर्क कुणाशी करायचा, क्षेत्र किती, वापरावर बोजा कुठला, सगळं त्यात नोंदवलेलं असतं. वापराचे निर्बंध आणि शुल्क यांचे रकाने असतात. बहुतेक जण ते रिकामे ठेवतात, पण भरलेले असतील तर ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग एकेका थराची, म्हणजे नकाशाच्या एकेका लेयरची, नोंद येते. त्याचं यंत्रासाठीचं नाव, माणसांसाठीचं शीर्षक, कुठल्या निर्देशांक प्रणालींत (जागा आकड्यांत मांडायच्या पद्धतींत) तो मिळतो, त्याची चौकट, आणि तो विचारण्याजोगा आहे की नाही. या शेवटच्या नोंदीपुढे शून्य असेल तर नकाशावर कितीही क्लिक करा, माहिती येणार नाही. आणखी एक नोंद लोकांच्या नजरेतून निसटते, ती म्हणजे कुठल्या प्रमाणापासून कुठल्या प्रमाणापर्यंत थर दिसावा याची मर्यादा. संपूर्ण जिल्हा पडद्यावर असताना थर कोरा आणि गावापर्यंत जवळ गेलं की अचानक दिसतो, असं झालं की समजावं, बिघाड काही नाही, मर्यादा तशी घातलेली आहे.

पुण्याच्या सर्व्हरचं हे पान पहिल्यांदा मागितलं तेव्हा ते येता येईना. कारण साधं होतं. जिओसर्व्हर १.३.० च्या पानात, त्याला येत असलेल्या सगळ्या निर्देशांक प्रणालींची यादी जोडतो आणि ती काही हजारांत जाते. शिवाय त्या सर्व्हरवर संस्थेच्या इतर प्रकल्पांचेही ढीगभर थर होते. ब्राउझर धीर धरतो, पण जिओनोडच्या मागे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतून जी विनंती जाते ती ठरावीक वेळ थांबते आणि सोडून देते. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही समोरच्याच्या हातात. एक, डब्ल्यूएमएसच्या सेटिंगमध्ये निर्देशांक प्रणालींची यादी मोजकी करायची. आपल्याला वेब मर्केटर, साधे अक्षांश-रेखांश आणि यूटीएमचा ४३ उत्तर हा पट्टा एवढं पुरतं. विदर्भात पूर्वेकडे काम असेल तर ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे ४४ वा पट्टा लागतो, तो घालावा. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. जिओसर्व्हरमध्ये प्रत्येक वर्कस्पेसला, म्हणजे थरांच्या गटाला, स्वतंत्र पत्ता असतो. मुख्य पत्त्यात वर्कस्पेसचं नाव घातलं की त्या पानात तेवढेच थर येतात. आम्ही भूजलाच्या वर्कस्पेसचा पत्ता मागून घेतला आणि पान झटक्यात उघडायला लागलं.

जिओनोडमध्ये पुढचं काम दिसायला सोपं आहे. ‘रिमोट सर्व्हिसेस’मध्ये जाऊन नवी सेवा जोडायची, पत्ता टाकायचा, प्रकार डब्ल्यूएमएस निवडायचा. तो थरांची यादी आणतो, हवे ते थर आपण निवडून आयात करायचे. ‘आयात’ असं म्हणत असले तरी नकाशा इकडे येत नाही. त्याचं शीर्षक, वर्णन, चौकट, स्रोत यांची एक नोंद आपल्या कॅटलॉगमध्ये तयार होते. चित्र दर वेळी पुण्याहूनच येतं. आपल्याला तेच तर हवं असतं.

नोंदी तयार झाल्या, थर नकाशावर घेतला, आणि पडदा पांढरा. इथे काय करायचं हे मी सगळ्या नव्या मुलामुलींना शिकवते. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कच्या खिडकीत जा, आणि चित्राची विनंती कुठल्या पत्त्यावर चालली आहे ते वाचा. आमची विनंती ‘लोकलहोस्ट’ला, ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर चालली होती. म्हणजे नकाशा पाहणाऱ्याचा ब्राउझर त्याच्या स्वतःच्याच संगणकावर जिओसर्व्हर शोधत होता! घडतं ते असं. आपण पान ज्या पत्त्यावरून मागितलं त्याच पत्त्यावर चित्र मागायचं, असं डब्ल्यूएमएसमध्ये गृहीत नसतं. गेटमॅपसाठी कुठे यायचं हे सर्व्हर त्या पानातच लिहून देतो आणि जिओनोड तेवढं प्रामाणिकपणे पाळतो. पुण्याच्या संस्थेचा जिओसर्व्हर एनजिनेक्सच्या, म्हणजे बाहेरच्या विनंत्या आत पोचवणाऱ्या वेब सर्व्हरच्या, मागे बसलेला होता. त्याला बाहेरचा पत्ता ठाऊकच नव्हता, म्हणून त्याने आतला लिहून दिला. जिओसर्व्हरच्या ग्लोबल सेटिंगमध्ये ‘प्रॉक्सी बेस यूआरएल’ नावाचा एक रकाना आहे. त्यात बाहेरचा, एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता भरला की विषय संपतो. पुण्याच्या संस्थेतल्या सरांनी तो भरला, मी आमच्याकडची सेवा काढून पुन्हा जोडली, कारण जुना पत्ता नोंदींमध्ये राहून गेलेला असतो, आणि पारनेरवर जलधरांच्या सीमा उमटल्या.

एचटीटीपीएसवरून आठवलं. आपलं संकेतस्थळ एचटीटीपीएसवर आणि नकाशा साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर आता ती चित्रं तशीच आणू देत नाही. सुरक्षित पत्त्यावर मागून बघतो, तिथे कुणी नसेल तर जागा रिकामी. आणि सुरक्षित पत्ता असूनही एक अडचण येते, जी ओळखायला मला सगळ्यांत अवघड वाटते. ब्राउझरमध्ये पत्ता व्यवस्थित उघडतो, कुलूप दिसतं, पण जिओनोड म्हणतो की प्रमाणपत्र पटत नाही. पुष्कळदा याचं कारण मधली कडी गायब असण्यात असतं. सर्व्हरने स्वतःच्या प्रमाणपत्राबरोबर मधल्या प्रमाणन संस्थेचंही प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते दिलं नसेल तर बरेच ब्राउझर ते कुठून तरी मिळवून गप्प बसतात, पायथॉन तसं करत नाही. पूर्ण साखळीची फाइल एनजिनेक्सला दिली की प्रश्न सुटतो. इंटरनेटवर यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे आपल्याकडची प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाका. मला तो मुळीच मान्य नाही. गावाच्या पाण्याचे निर्णय ज्या माहितीवर घ्यायचे ती खरंच त्याच संस्थेकडून येते आहे याची खात्री आपणच काढून टाकायची, हे कसं चालेल? एक ई-मेल लिहावी, दोन दिवस थांबावं.

आता अक्षांश-रेखांशांच्या अदलाबदलीबद्दल, कारण इतकी ठळक खूण सहसा मिळत नाही. आम्ही आणखी एका जुन्या सर्व्हरवरचा मातीच्या खोलीचा थर जोडला होता. ‘या थरावर झूम करा’ दाबलं की नकाशा पारनेर सोडून थेट उत्तरेला, नॉर्वेच्याही वर, बॅरेंट्स समुद्रातल्या एका लहानशा बेटावर जाऊन थांबायचा. त्याचं नाव बेअर आयलंड. पारनेर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.४ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे करा, ७४.४ उत्तर आणि १९ पूर्व, की बरोबर बेअर आयलंड येतं. राळेगणसिद्धी उलटवलं तरी त्याच बेटावर पडतं. हिवरे बाजार मात्र त्याच्या उत्तरेला समुद्रात. पारनेरमध्ये नकाशाचं काम करणाऱ्या कुणालाही उत्तर ध्रुवाकडचं हे बेट दिसलं की रोगनिदान झालंच म्हणून समजा.

मूळ भानगड आवृत्त्यांची आहे. डब्ल्यूएमएसच्या १.१.१ आवृत्तीत चौकट नेहमी आधी रेखांश, मग अक्षांश अशी लिहायची. १.३.० मध्ये ठरलं की निर्देशांक प्रणालीच्या अधिकृत व्याख्येत जो क्रम आहे तोच पाळायचा, आणि ईपीएसजी ४३२६ च्या, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशांच्या प्रणालीच्या, व्याख्येत अक्षांश आधी येतो. काही जुनी सॉफ्टवेअर वर १.३.० लिहितात आणि आत मात्र चौकट जुन्याच क्रमाने देतात. अशा सर्व्हरकडे मुद्दाम १.१.१ आवृत्ती मागावी, नाहीतर सगळा व्यवहार वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ३८५७ मध्ये करावा, कारण तिथे दोन्ही आवृत्त्यांत क्रम एकच असतो.

इतकं झालं तरी आमच्या लोकांना नकाशा आपला वाटला नव्हता. कारण गावांची नावं. पुण्याच्या थरावर गावांची मराठी नावं लिहिलेली होती म्हणे, पण पडद्यावर दिसत होत्या उलट्यासुलट्या रोमन खुणा. शेपफाइलमधली अक्षरं त्या जुडग्यातल्या डीबीएफ फाइलीत असतात. ती कुठल्या लिपी-संकेतात वाचायची हे जिओसर्व्हरला वेगळं सांगावं लागतं. तो आपल्या मनाने आयएसओ-८८५९-१ धरतो, जो पश्चिम युरोपच्या भाषांसाठी आहे. स्टोअरच्या सेटिंगमध्ये तिथे यूटीएफ-८ निवडलं. खुणा गेल्या आणि त्यांच्या जागी रिकामे चौकोन आले. याचा अर्थ अक्षरं आता बरोबर वाचली जात आहेत, पण ती काढायला सर्व्हरकडे देवनागरी फॉन्ट नाही. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. नकाशावरची नावं आपला ब्राउझर काढत नाही. ती पुण्याच्या सर्व्हरवर चित्रात काढूनच येतात. माझ्या लॅपटॉपवर, माझ्या फोनवर कितीही मराठी फॉन्ट असले तरी त्यांचा इथे उपयोग शून्य.

लिनक्स सर्व्हर बसवताना पडद्याशी संबंधित काहीच टाकत नाहीत, त्यामुळे फॉन्टही नसतात. तिथल्या सरांना मी नोटो सान्स देवनागरी टाकायला सुचवलं. टाकल्यावर जिओसर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. मग त्याच्या ‘सर्व्हर स्टेटस’ पानावर उपलब्ध फॉन्टची यादी असते, तिथे नाव दिसतं का ते पाहायचं आणि ते जसंच्या तसं एसएलडी स्टाइलमध्ये, म्हणजे थराचे रंग आणि अक्षरं ठरवणाऱ्या फाइलीत, घालायचं. तिथल्या स्टाइलमध्ये एरियल होतं. ते बदललं, आणि टाकळी ढोकेश्वर, वाडेगव्हाण, निघोज, भाळवणी अशी नावं स्वच्छ मराठीत उमटली. ‘ढोकेश्वर’मधला श्व आणि ‘गव्हाण’मधला व्ह जोडलेला येतो आहे ना, हे मी मोठं करून पाहिलं. फॉन्ट अर्धवट असला तर अशाच ठिकाणी पाय मोडलेली अक्षरं दिसतात. मराठी नावांचा थर वाटणाऱ्या प्रत्येक संस्थेने एकदा जोडाक्षरांची गावं शोधून आपला नकाशा तपासावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. गावाचं नाव चुकीचं दिसलं की लोक आतल्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

राहिलं क्लिकचं. ग्रामसभेत पडद्यावर नकाशा लावला तेव्हा पुढच्या रांगेतले एक आबा म्हणाले, “ताई, रंग राहू द्या, आमच्या हिरीचं सांगा की.” अगदी रास्त मागणी. विहिरीच्या ठिपक्यावर क्लिक केलं की मेमधली पातळी, ऑक्टोबरमधली पातळी, खडकाचा प्रकार हे सगळं दिसायला हवं. यासाठी गेटफीचरइन्फो लागतं, आणि इथे ब्राउझरचा एक नियम आड येतो. दुसऱ्या संकेतस्थळावरचं चित्र तो आणू देतो, पण दुसऱ्या संकेतस्थळावरची माहिती आपल्या पानावरच्या स्क्रिप्टला वाचू देत नाही. समोरच्या सर्व्हरने ‘यांना वाचू दे’ असं उत्तराच्या शीर्षकात लिहून दिलं असेल तरच देतो. याला सीओआरएस म्हणतात. म्हणूनच नकाशा दिसतो आणि क्लिक मात्र मुकं राहतं. नकाशाचं छापील चित्र काढतानाही पुष्कळदा हाच नियम आडवा येतो.

समोरच्याने परवानगीचं शीर्षक दिलं तर उत्तमच. ते होईपर्यंत जिओनोडच्या आत प्रॉक्सीची सोय आहे. ब्राउझर आपल्याच सर्व्हरला विचारतो, आपला सर्व्हर पुण्याला विचारतो आणि उत्तर आणून देतो. फक्त परवानगीच्या यादीत नेमके तेवढेच पत्ते घालावेत जेवढे आपण जोडले आहेत. सगळ्यांसाठी दार उघडं ठेवलं तर कुणीही आपल्या सर्व्हरच्या आडून भलतीकडे विनंत्या पाठवू शकतो.

उत्तर आलं तेही सुरुवातीला गावात दाखवण्याजोगं नव्हतं. रकान्यांची नावं इंग्रजी आणि तुटक, पुढे दशांशात सहा-सहा आकडे. जिओसर्व्हरमध्ये या उत्तरासाठी फ्रीमार्करचा साचा लिहिता येतो. आम्ही तो मराठीत लिहून पाठवला आणि संस्थेने तो त्यांच्या थराला लावला. आता क्लिक केलं की विहिरीचा क्रमांक, गाव, ‘मे महिन्यातील पाण्याची खोली’ आणि ‘ऑक्टोबरमधील पाण्याची खोली’ अशा चार ओळी येतात, मीटरमध्ये. गावात विहीर परसांत, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात, मोजतात, म्हणून आमचा जलसेवक तोंडी परस सांगतो. आबांची विहीर निरीक्षण विहीर नव्हती. पण त्यांच्या बांधापलीकडची होती, आणि त्यांनी तो आकडा स्वतःच्या विहिरीशी ताडून पाहिला. मग दोन शेजाऱ्यांत काळा पाषाण किती परसांवर लागला यावर जी चर्चा रंगली ती मला थांबवाविशी वाटली नाही.

वेगाबद्दल थोडंसं. गावात मोबाइलच्या रेंजवर सगळं चालवायचं असतं. मॅपस्टोअर नकाशा २५६ पिक्सेलच्या चौकोनांत मागतो. दर चौकोनामागे एक विनंती, आणि सरकवला की पुन्हा नव्या. चित्र पीएनजी-८ प्रकारात मागितलं तर आकार बराच कमी होतो आणि सपाट रंगांच्या नकाशात डोळ्यांना फरक कळत नाही. संस्थेने त्यांच्याकडे जिओवेबकॅश, म्हणजे काढलेली चित्रं साठवून ठेवायची सोय, सुरू केलं तर एकदा काढलेला चौकोन पुन्हा काढावा लागत नाही. मात्र मग पातळ्या बदलल्यावर तो साठा पुसायची आठवण ठेवावी लागते, नाहीतर शिळेपणा मागच्या दाराने परत येतो. विहिरींचा थर आम्ही मुद्दाम कॅशबाहेर ठेवायला सांगितला आहे.

इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळही आम्ही याच पद्धतीने वापरतो. १२ ऑगस्ट २००९ रोजी ते सुरू झालं. भूवापराचे १:५०,००० प्रमाणावरचे नकाशे तिथे २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ अशा तीन फेऱ्यांचे आहेत. एकाच शिवारावर ते एकापाठोपाठ लावले की पडीक जमीन कुठे लागवडीखाली आली ते गावकरी स्वतःच बोट ठेवून सांगतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भू-स्थानिक माहितीचे नियम सैल केल्यापासून भारतीय संस्थांना नकाशे तयार करायला आणि वाटायला आधीसारखी परवानगी घेत बसावं लागत नाही. तेव्हा आता तरी आणखी संस्थांनी आपले थर असे खुले करावेत. सर्व्हर चालवायला खर्च येतो हे मला माहीत आहे. पण तोच नकाशा वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या वेळी कॉपी करून देण्यात जे मनुष्यबळ जातं, तो खर्च कुणी मोजतच नाही.

काय जोडू नये हेही सांगायला हवं. आमच्या लोकांनी माथा ते पायथा चालून मोजलेले बांध आणि चर आम्ही आमच्याच सर्व्हरवर ठेवतो, कारण त्यांची जबाबदारी आमची आहे. पाणलोटाची सीमा आणि गावाची सीमा यांचीही एक प्रत जवळ असते, कारण पुण्याचा सर्व्हर बंद असला तरी शिवारफेरी थांबत नाही. जोडलेल्या प्रत्येक थराखाली संस्थेचं नाव येईल अशी व्यवस्था केली आहे. जिओनोडमध्ये स्रोताचा रकाना आहे, तो भरायला अर्धं मिनिट लागतं.

सध्या एक काम उरलं आहे. चार महिन्यांच्या पातळ्या आत्ता चार वेगवेगळे थर म्हणून जोडलेले आहेत, आणि प्रत्येक वर्षाबरोबर यादी वाढत चालली आहे. डब्ल्यूएमएसमध्ये थराला काळाची मिती लावता येते. मग थर एकच राहतो आणि विनंतीत फक्त तारीख बदलायची. जिओसर्व्हरमध्ये त्यासाठी नोंदींच्या तक्त्यात तारखेचा एक खरा रकाना लागतो. त्यांच्याकडे महिना आणि वर्ष हे दोन वेगळे रकाने आहेत, दोन्ही अक्षरांत. ते एकत्र करून तारीख बनवणारी पोस्टजीआयएसची क्वेरी मी लिहून त्यांना पाठवली आहे. यंदाच्या ऑक्टोबरच्या नोंदी चढवतानाच ती लावून घेऊ, असं तिथल्या सरांचं उत्तर आलं आहे.